तळटीप : अन्ननलिकेचा ॲलर्जिक दाह आणि आम्लपित्त

इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, म्हणजे अन्ननलिकेचा ॲलर्जिक दाह, हा वेगळा आजार म्हणून 1990च्या दशकात ओळखला गेला. त्याआधी असे रुग्ण बहुधा आम्लपित्तातच मोजले जात. जठरातील आम्ल वर येण्याच्या विकारात छातीत जळजळ आणि आंबट ढेकर ही मुख्य तक्रार असते. ॲलर्जिक दाहात मोठ्या माणसाला भाकरीचा किंवा मटणाचा घास छातीत अडकतो. असे रुग्ण सावकाश चावतात, घासागणिक पाणी पितात, आणि ही सवय इतकी अंगवळणी पडते की विचारल्याशिवाय सांगतही नाहीत. लहान मुलांत मात्र उलट्या, पोटदुखी, जेवण टाळणे एवढेच दिसते. दमा, इसब किंवा शिंकांची ॲलर्जी सोबत असेल तर संशय बळावतो.

एंडोस्कोपीत कडी, उभ्या चिरा, पांढरे ठिपके दिसू शकतात. पण अन्ननलिका वरकरणी निरोगी दिसली म्हणून आजार नाही असे ठरत नाही. म्हणून वेगवेगळ्या उंचीवरून किमान 6 तुकडे घेतात. सूक्ष्मदर्शकाच्या एका उच्च-विवर्धन क्षेत्रात 15 किंवा अधिक इओसिनोफिल पेशी आढळणे हा निकष. तोही इतर कारणे वगळूनच. आम्लामुळेही खालच्या भागात या पेशी येतात, सहसा कमी.

आम्लरोधक गोळीने बरे वाटले तर आम्लपित्तच, ही जुनी कसोटी 2018च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने सोडली, कारण ॲलर्जिक दाहातही बऱ्याच रुग्णांना त्याच गोळ्या लागू पडतात. शिवाय दोन्ही विकार एकाच रुग्णात असू शकतात. गोळीने न भागल्यास दूध, गहू यांसारखे पदार्थ वगळणे किंवा गिळायचे स्टेरॉइड हे उपाय उरतात.