नवस कुणाचा, फेड कुणाची?

दोस्तहो, आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला साताऱ्याचा डोंगर आहे. तिथं खंडोबाचं देऊळ. चंपाषष्ठीला भंडारा उधळतात. मी त्या भंडाऱ्याचा इतिहास धुंडाळतो, तेव्हा मला देव नाही, पोरी सापडतात.

नवस आईबापाचा. मूल होत नाही, झालेलं जगत नाही, डाक्तर परवडत नाही. मग बोलायचं, लेकरू झालं तर तुझं. मुलगा वाघ्या, मुलगी मुरळी. पोरीला कळायच्या आधीच तिचं देवाशी लग्न. गळ्यात कवड्यांची माळ. माणसाशी लग्न नाहीच. जागरणात नाचायचं अन् पैसेवाल्यांच्या नजरा झेलायच्या. त्यात आपल्या महार-मांगवाड्यातल्या पोरी होत्या. आपली सावली देवळाला चालत नव्हती, पोर मात्र चालत होती!

पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढलं आणि या चालीविरुद्ध रान उठवलं. १९०९ साली त्यात शिवूबाई या मुरळीचं पत्र छापून आलं. देवाला वाहिलेली पोर स्वतः बोलली. मग कांबळ्यांचे सहकारी गणपतराव गायकवाड यांनी तिच्याशी लग्न केलं. आपण पुढाऱ्यांचे फोटो लावतो. शिवूबाईचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

१९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला. मराठवाडा निजामाच्या राज्यात, इथं तो लागू नव्हता. १६ जून १९३६ ला मुंबईत बाबासाहेब देवदासी, मुरळ्या, जोगतिणींच्या सभेत बोलले. येवल्याच्या घोषणेला वर्षही झालं नव्हतं. आमच्याबरोबर यायचं तर हे जिणं सोडा, लग्न करून संसार करा, असं त्यांनी बजावलं.

१९५० साली बाबासाहेबांनी याच शहरात कॉलेज काढलं, तेच आपलं मिलिंद. मराठवाड्यातल्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन तिथंही लेकरं धाडली. पण ती देऊन टाकली नाहीत. शिकून पोर स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून धाडली.

महाराष्ट्राचा २००५ चा देवदासी निर्मूलन कायदा आहे. तो लेकरू वाहणाऱ्याला शिक्षा करील. पण माळ तोडून आलेल्या बाईला घर कोण देणार? सभेत टाळ्या वाजवणारे पुष्कळ. गणपतराव किती? ज्यानं त्यानं आपापल्या घरात विचारावं.

जयभीम.