संस्कृती एकच, मग पंगती वेगळ्या का?

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चांगलंच वाजलं. मावसबहिणीने दुसऱ्या जातीतला मुलगा पसंत केला आणि मावशीचा मेसेज आला, "हे आपल्या संस्कृतीत बसत नाही." मी पडलो इंजिनीअर, मला आधी व्याख्या लागते. संस्कृती म्हणजे नेमकं काय? म्हणून मानववंशशास्त्राची पुस्तकं उघडली. आजचा भाग त्यावरच.

१८७१ साली एडवर्ड टायलर या इंग्रज अभ्यासकाने गाजलेली व्याख्या केली. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी, म्हणजे समाजात राहून माणूस जे जे शिकतो ते सगळं म्हणजे संस्कृती. थोडक्यात, ती रक्तातून येत नाही. १९४० मध्ये रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी दुसरं टोक धरलं. संस्कृती थेट दिसत नाही, दिसतात ती माणसामाणसांतली नाती, त्या जाळ्याचा अभ्यास करा, असं ते म्हणाले. १९५२ मध्ये क्रोबर आणि क्लकहोन यांनी संस्कृतीच्या व्याख्या गोळा केल्या, तर भरल्या १६४! शेवटी १९५८ साली क्रोबर आणि टॅलकट पार्सन्स यांनी सुचवलं, की या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. संस्कृती म्हणजे कल्पना, मूल्यं, चिन्हं. समाज म्हणजे माणसांमधले संबंध.

कोरडं वाटतंय ना? मग चला पंढरीच्या वाटेवर.

इरावती कर्वे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवायच्या. त्या स्वतः वारीत चालल्या आणि त्यावर लेख लिहिला. १९६२ साली तो इंग्रजीतही आला. ज्या भूमीतले लोक पंढरपूरला वारीला जातात ती भूमी म्हणजे महाराष्ट्र, असं त्यांना तिथे उमगलं. भाषा एक, अभंग एक, विठोबा एक. ही झाली संस्कृती.

पण त्याच दिंडीत जेवणं वेगळी होती! ब्राह्मण एकीकडे, मराठा दुसरीकडे. दिवसभर एकाच टाळावर चालायचं आणि पान मात्र वेगळं. हा झाला समाज. इरावतीबाईंना याचं रोज वाईट वाटायचं. मग त्या मराठा बायकांसोबत जेवल्या. त्यानंतर त्या बायका मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या आणि शेवटी त्यांना 'ताई' म्हणू लागल्या. अभंग तेच होते, बदललं होतं ते नातं.

याच इरावतीबाईंनी जात म्हणजे पसरलेला नातेवाईकांचा गोतावळा, असं मांडलं होतं. आपसातच सोयरीक करत गेलं की त्याची जात होते. म्हणून जातीचं कुंपण सगळ्यात घट्ट कुठे असतं? लग्नात.

आता आमच्या घरचं. मुलाच्या घरीही हरिपाठ होतो, आषाढीला उपास असतो, होळीला पुरणपोळी असते. मी मावशीला फोन करून हे सगळं सांगितलं. म्हटलं, "मावशी, संस्कृती तर जुळतेय की गं!"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "अरे, पण लोक काय म्हणतील?"

लोक. म्हणजे समाज.

लग्न अजून ठरलेलं नाही. पण निदान आता आम्ही खऱ्या मुद्द्यावर बोलतोय. तुमच्या घरी कुणी 'आपली संस्कृती' म्हणालं, तर एकदा विचारून बघा, संस्कृती की लोक?

भेटू पुढच्या भागात!