अभ्यास आणि सेवा : गोशेन महाविद्यालयाच्या परदेश-सत्राचा इतिहास

अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी शिक्षणाचा काही काळ परदेशात घालवावा ही कल्पना पहिल्या महायुद्धानंतर रुजली, आणि १९२३ मध्ये डेलावेअर विद्यापीठाने आठ विद्यार्थी फ्रान्सला पाठवून तिला व्यवस्थेचे रूप दिले. पुढे अनेक वर्षे या शिक्षणाची दिशा मुख्यतः पश्चिम युरोपची राहिली, कारण परदेशगमनाचा हेतू तेथील भाषा, साहित्य व कला आत्मसात करणे हा होता. ही चाकोरी ज्या थोड्या संस्थांनी मोडली, त्यांत इंडियाना राज्यातील गोशेन महाविद्यालयाचे स्थान महत्त्वाचे आहे.

हे महाविद्यालय मेनोनाइट पंथाचे आहे. सोळाव्या शतकात नेदरलँड्समधील धर्मोपदेशक मेनो सिमन्स यांच्या नावाने ओळखला जाऊ लागलेला हा ख्रिस्ती पंथ शस्त्र हाती घेणे निषिद्ध मानतो. त्यामुळे सक्तीच्या लष्करभरतीच्या काळात त्याच्या तरुणांना युद्धाऐवजी लोकोपयोगी कामाचा पर्याय शोधावा लागला. १९२० मध्ये रशियातील दुष्काळग्रस्तांना मदत पोहोचवण्यासाठी स्थापन झालेली मेनोनाइट सेंट्रल कमिटी आणि १९५१ पासून युरोपात निर्वासितांसाठी घरे बांधणारी ‘पॅक्स’ ही स्वयंसेवी योजना यांतून सेवेची एक परंपरा घडली, आणि गोशेनच्या अध्यापकांनी तीच अभ्यासक्रमात आणली.

१९६८ मध्ये, व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना, कोस्टा रिका, जमैका व ग्वादलूप येथे विद्यार्थ्यांची पहिली पथके गेली. ‘अभ्यास-सेवा सत्र’ या नावाच्या सुमारे तीन महिन्यांच्या या मुक्कामाच्या पूर्वार्धात भाषा, इतिहास व समाजजीवन यांचा अभ्यास होई, तर उत्तरार्धात विद्यार्थी शाळा, दवाखाने अशा ठिकाणी काम करीत. पूर्ण काळ त्यांचा निवास स्थानिक कुटुंबांत असे आणि महाविद्यालयाचे अध्यापक मार्गदर्शनासाठी त्याच देशात राहत. हे सत्र मोजक्या हौशी विद्यार्थ्यांची सहल न राहता पदवीच्या सामान्य शिक्षणाचा भाग ठरले, हेच त्याचे वेगळेपण होय.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात विचारवंत इव्हान इलिच यांनी मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे अमेरिकी स्वयंसेवकांसमोर या साऱ्या सेवाभावावर कठोर टीका केली. ज्यांची भाषा येत नाही अशा गरिबांवर आपली जीवनपद्धती लादण्यापेक्षा पाहण्यास व शिकण्यास यावे, मदतीस नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. हा आक्षेप अल्पकालीन सेवेच्या प्रत्येक योजनेला लागू पडतो, कारण परभाषेत चाचपडणारा विशीतला विद्यार्थी काही आठवड्यांत एखाद्या गावाचे फारसे भले करू शकत नाही. मात्र गोशेनच्या रचनेत अभ्यास आधी व सेवा नंतर होती, आणि घरात ठेवून घेणारे कुटुंब हेच विद्यार्थ्याचे खरे शिक्षक होते, ही बाब त्या आक्षेपाला बऱ्याच अंशी उत्तर देते.

१९८० मध्ये चीनमधील चेंगदू येथे पथक गेले, तेव्हा त्याच्या बदल्यात चिनी अध्यापक गोशेनला आले, आणि देवाणघेवाण उभयपक्षी झाली. अशा सत्रांचे मूल्य विद्यार्थ्यांनी केलेल्या कामाच्या मोजमापावर ठरवणे म्हणूनच चुकीचे ठरते. यजमान समाजाने दिलेले शिक्षण त्या सेवेहून कितीतरी मोठे होते, आणि हे ऋण मान्य करणारी योजनाच सेवा हा शब्द वापरण्यास पात्र ठरते.