रेल्वे नसलेली अमेरिका

'रेल्वेमुळे अमेरिकेची औद्योगिक भरभराट झाली.' हे वाक्य आपण वर्गात किती सहज बोलून जातो! पण त्यातल्या 'मुळे' या शब्दापाशी जरा थांबू. रेल्वे नसती तर इतकी भरभराट झाली नसती, असा त्याचा अर्थ. म्हणजेच रेल्वे नसलेल्या एका काल्पनिक अमेरिकेशी आपण मनातल्या मनात तुलना केलेली असते. ती अमेरिका कशी असती, याचा हिशेब मात्र आपण मांडत नाही.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट फोगेल यांनी तो मांडला. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी १८९० सालची अमेरिका घेतली. तोवर तिथे दीड लाख मैलांहून अधिक लोहमार्ग झाले होते. फोगेल यांनी ते सारे नकाशावरून पुसले आणि प्रश्न विचारला: आता शेतमाल बाजारात कसा जाईल?

उरतात त्या नद्या, सरोवरे, कालवे आणि घोडागाड्या. मैलामागे बोटीचे भाडे रेल्वेपेक्षा कमीच होते. पण नुसते भाडे पाहून भागत नाही. बोट सावकाश जाते. उत्तरेकडचे कालवे हिवाळ्यात गोठतात. म्हणून माल आधीच साठवावा लागतो, त्यासाठी कोठारे लागतात, पैसा अडकून पडतो. चढउतारात नासाडी होते. शेतापासून धक्क्यापर्यंतची गाडीवाहतूक तर फारच महाग. हे सारे खर्च त्यांनी हिशेबात धरले. जलमार्गापासून दूरची पुष्कळ शेती परवडलीच नसती. किमतीच्या मानाने अशी जमीन सुमारे २४ टक्के होती.

पण रेल्वे नाही म्हणून लोक स्वस्थ बसले असते का? जमिनीचा चढउतार आणि पाण्याची सोय पाहता आणखी सुमारे ५,००० मैल कालवे खणता आले असते, असे फोगेल यांनी दाखवले. मग २४ टक्क्यांचा आकडा ७ वर येतो. अखेर निष्कर्ष निघाला तो असा: शेतमालाच्या वाहतुकीत रेल्वेने वाचवलेला खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांहूनही कमी होता!

यावर मोठा वाद झाला. प्रवाशांचा वेळ हिशेबात कुठे आहे? सगळा माल कालव्यांवर आला असता तर बोटींचे भाडे तेवढेच राहिले असते का? आक्षेप रास्त होते. पण लक्षात घ्या, आकडे उघडे मांडले होते म्हणूनच ते घेता आले. १९९३ साली फोगेल यांना डग्लस नॉर्थ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

२०१६ साली डोनाल्डसन आणि हॉर्नबेक यांनी हाच प्रश्न नव्या पद्धतीने सोडवला. प्रत्येक परगण्याला कोणकोणत्या बाजारपेठा किती खर्चात गाठता येतात, हे त्यांनी संगणकाने मोजले. रेल्वे काढून टाकल्यास शेतजमिनीची एकूण किंमत ६० टक्क्यांनी घसरते, आणि नवे कालवे खणून फारसे भरून निघत नाही, असे त्यांना आढळले. तरी राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात वार्षिक तोटा ३ टक्क्यांच्या जरा वरच येतो. राष्ट्रीय उत्पन्नात शेतजमिनीचा वाटा थोडा असल्याने घसरण मोठी असूनही टक्केवारी लहान दिसते. एकाच घटनेची ही दोन मापे आहेत.

हा ३ चा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा आणता येणार नाही. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली आणि १८६३ साली लोहमार्ग बोरघाट चढला. तो मार्ग पुसला तर दख्खनचा कापूस बंदरावर कसा येईल? सह्याद्री ओलांडणारा कालवा नाही. उरतात बैल आणि घाटवाटा. उत्तर बदलेल, पण रीत तीच राहील.

हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. रेल्वेचे फायदे पाठ म्हणणारा विद्यार्थी घटकाभर अडेल, मग विचारेल, "सर, एक बैल किती ओझे नेतो?" इतिहासाचा अभ्यास तिथून सुरू होतो.