हरणांच्या शिकारीतील लहान बोअरच्या रायफली

लहान बोअरची रायफल हरणांच्या शिकारीसाठी पुरेशी ठरते की नाही, हा शिकारशास्त्रातील जुना वादविषय आहे. नळीचा व्यास, गोळीचे वजन व वेग, प्राण्याचा आकार आणि नेम लागण्याची शक्यता या घटकांवर त्याचे उत्तर अवलंबून असते. भारतात १९९१ पासून वन्यप्राण्यांच्या हौशी शिकारीस पूर्ण बंदी आहे. त्यामुळे हा प्रश्न येथे मुख्यतः पीकसंरक्षणाच्या संदर्भात उद्भवतो. महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्यात रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर यांच्यामुळे होणाऱ्या पीकहानीच्या निमित्ताने तो व्यवहारात महत्त्वाचा ठरला आहे.

## संज्ञा

बंदुकीच्या नळीच्या अंतर्व्यासास बोअर किंवा कॅलिबर म्हणतात. रायफलीचा बोअर इंचाच्या शतांश वा सहस्रांश भागात अथवा मिलिमीटरमध्ये सांगितला जातो. उदाहरणार्थ, ‘पॉइंट टू टू’ म्हणजे .२२ इंच, अर्थात सुमारे ५.६ मिलिमीटर. बारा बोअरच्या बंदुकीतील ‘बारा’ हा आकडा मात्र वेगळ्या मापनपद्धतीतला आहे. नळीत नेमकी बसेल अशा शिशाच्या गोळ्या एका पौंडात किती होतात, हे तो दर्शवतो. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात व त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. बारा बोअरची व ठासणीची बंदूक सामान्यतः गुळगुळीत नळीची असते.

मराठीत ‘हरीण’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. प्राणिशास्त्रानुसार चितळ, सांबर आणि भेकर हे मृगकुळातील प्राणी असून त्यांच्या नरांची शिंगे गळून पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि रोही हे गवयकुळातील असून त्यांची शिंगे कायम राहतात. रोही हा भारतातील सर्वांत मोठा कुरंग होय.

## बोअर आणि मारकशक्ती

केवळ बोअरच्या आकड्यावरून रायफलीची मारकशक्ती ठरत नाही. गोळीची गतिज ऊर्जा तिच्या वजनाच्या समप्रमाणात, परंतु वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकाच व्यासाच्या दोन गोळ्यांमध्ये त्यामुळे दहापट फरक असू शकतो. काही परिचित काडतुसांची नळीच्या तोंडाशी मिळणारी ऊर्जा साधारणपणे पुढीलप्रमाणे असते :

- .२२ लाँग रायफल : गोळी सुमारे २.६ ग्रॅम, ऊर्जा सुमारे १४० ते १९० जूल.
- .२२३ रेमिंग्टन : गोळी सुमारे ३.६ ग्रॅम, ऊर्जा सुमारे १,७०० जूल.
- .२४३ विंचेस्टर : गोळी सुमारे ६.५ ग्रॅम, ऊर्जा सुमारे २,६०० जूल.
- .३०-०६ स्प्रिंगफील्ड : गोळी सुमारे ९.७ ग्रॅम, ऊर्जा सुमारे ३,८०० जूल.

पहिल्या दोन काडतुसांच्या गोळ्यांचा व्यास जवळजवळ सारखाच आहे. पहिले रिमफायर प्रकारचे आहे, म्हणजे त्यातील स्फोटक मिश्रण काडतुसाच्या बुडाच्या कडेत असते. या रचनेमुळे धातूचे आवरण पातळ ठेवावे लागते आणि फारसा दाब देता येत नाही. दुसरे सेंटरफायर प्रकारचे असून त्याची टोपी बुडाच्या मध्यभागी असते. त्याचे आवरण जाड असल्याने ते मोठा दाब सहन करते. ‘लहान बोअर’ ही संज्ञा या दोहोंसाठी वापरली गेल्यामुळे चर्चेत बराच गोंधळ होतो.

## शरीररचना आणि जखम

हरीण लवकर मरण्यासाठी गोळी हृदय व फुप्फुसांच्या भागात, म्हणजे पुढच्या पायाच्या मागे छातीच्या खालच्या अर्ध्या भागात पोहोचावी लागते. तेथवर जाताना तिला कातडी, स्नायू आणि बरगड्या भेदाव्या लागतात. प्राणी तिरका उभा असल्यास खांद्याचे हाडही आड येते. .२२ रिमफायरची शिशाची गोळी हाडावर आदळल्यास चपटी होऊन थांबते किंवा दिशा बदलते. अशा वेळी प्राणी जागीच न पडता पळून जातो आणि रक्तस्राव, जंतुसंसर्ग वा उपासमार यांमुळे काही तासांनी किंवा दिवसांनी मरतो. जखमेतून रक्त कमी वाहत असल्याने त्याचा मागही काढता येत नाही.

प्राण्यांच्या आकारातील तफावतही मोठी आहे. चौशिंग्याचे वजन सुमारे २० किलोग्रॅम, तर भेकराचे २० ते २८ किलोग्रॅम असते. चितळाचा पूर्ण वाढलेला नर ७० ते ९० किलोग्रॅमचा असतो. सांबराचा नर २०० किलोग्रॅमहून अधिक भरतो आणि रोह्याचा नरही त्याच तोडीचा असतो. रोह्याच्या नराची मानेवरील व खांद्यावरील कातडी विशेष जाड असते. रानडुकराच्या नराच्या खांद्यावर कूर्चामय ऊतींचे जाड कवच असते. म्हणून भेकरास पुरेसे ठरणारे काडतूस रोह्यास पुरेसे ठरेलच असे नाही.

## लहान बोअरच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे

लहान बोअरच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद अचूकतेचा आहे. हलक्या रायफलीचा धक्का खांद्यास कमी बसतो, त्यामुळे नेमबाज बिचकत नाही आणि गोळी हव्या त्या ठिकाणी लागते. चुकीच्या जागी लागलेल्या मोठ्या गोळीपेक्षा योग्य जागी लागलेली लहान गोळी बरी, असे त्यांचे म्हणणे असते. यासाठी दोन प्रसिद्ध उदाहरणे दिली जातात. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यानंतर .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली आणि तिचा त्यांनी पुढे बराच वापर केला. आफ्रिकेतील शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी त्याच बोअरच्या रायफलीने अनेक हत्ती मारले.

तथापि ही उदाहरणे .२२ रिमफायरला लागू पडत नाहीत. .२७५ रिग्बी हे मूळ सात मिलिमीटरचे लष्करी काडतूस असून त्याची ऊर्जा .२२ लाँग रायफलच्या पंधरापटींहून अधिक असते. त्या काळच्या जड दुनळी रायफलींच्या तुलनेतच ते ‘लहान’ म्हटले जात असे. शिवाय ही दोन्ही माणसे असाधारण नेमबाज होती. सर्वसामान्य नियम त्यांच्या कौशल्यावर बेतता येत नाही.

## अन्य देशांतील किमान मर्यादा

जेथे हरणांची शिकार कायदेशीर आहे, तेथील कायद्यांत शस्त्राची किमान क्षमता बहुधा ठरवून दिलेली असते. जर्मनीच्या शिकार कायद्यानुसार लहान आकाराच्या रो हरणासाठी गोळीची ऊर्जा १०० मीटर अंतरावर किमान १,००० जूल असावी लागते. त्याहून मोठ्या हरणांसाठी आणि रानडुकरासाठी बोअर किमान ६.५ मिलिमीटर व त्याच अंतरावरील ऊर्जा किमान २,००० जूल असणे बंधनकारक आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ च्या हरीण कायद्याने .२४० इंच बोअर आणि १,७०० फूट-पौंड (सुमारे २,३०५ जूल) ऊर्जा ही सर्वसाधारण किमान मर्यादा घातली. मुंटजॅकसारख्या छोट्या हरणांसाठी ती पुढे शिथिल करून .२२० इंच व १,००० फूट-पौंड करण्यात आली. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात हरणासाठी .२३ इंच, तर कोलोरॅडोत .२४ इंच ही किमान मर्यादा आहे. या सर्व नियमांतून .२२ रिमफायर वगळले जाते.

## भारतातील कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये आरंभी परवाना घेऊन शिकार करण्याची तरतूद होती. चितळ, सांबर, रोही व रानडुक्कर यांचा समावेश तिसऱ्या अनुसूचीत ‘बिग गेम’ म्हणून होता. अधिनियमाच्या मूळ कलम १७ नुसार अशा प्राण्यांची शिकार रायफलीनेच करणे आवश्यक होते. बंदुकीतून एकसंध गोळी झाडण्याची मुभा परवान्यात विशेष नोंद असेल तरच मिळत असे. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात, वाहनातून, कृत्रिम प्रकाशात किंवा पाणवठ्यावर शिकार करण्यास मनाई होती. रायफलीचा किमान बोअर मात्र या कलमात सांगितलेला नव्हता. १९९१ च्या दुरुस्तीने परवाना पद्धती संपुष्टात आली व हे कलमही वगळण्यात आले.

सध्या कलम ११ मधील अपवाद वगळता शिकार हा गुन्हा आहे. काळवीट, चिंकारा व चौशिंगा पहिल्या अनुसूचीत असून त्यांच्या शिकारीस किमान तीन व कमाल सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. गुन्हा सिद्ध झाल्यास न्यायालय शस्त्रपरवाना रद्द करू शकते व तसे झाल्यास दोषी व्यक्ती पुढील पाच वर्षे परवान्यास अपात्र ठरते.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मधील वर्गीकरण या संदर्भात लक्षणीय आहे. त्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि ती अपुरी वाटल्यास गुळगुळीत नळीची अन्य बंदूक यांचा उल्लेख आहे. .२२ बोअरची रायफल व एअर रायफल यांचा उल्लेख मात्र रायफल क्लबच्या सदस्यांनी लक्ष्यवेधाच्या सरावासाठी वापरावयाची शस्त्रे म्हणून येतो. .३०३ सारखे लष्करी बोअर सर्वसामान्य नागरिकांना प्रतिबंधित असल्यामुळे भारतात .३१५ आणि .३०-०६ या बोअरच्या रायफली प्रचलित झाल्या.

## वर्धा जिल्ह्यातील संदर्भ

वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातील बोर अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले आणि २०१४ मध्ये त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. चितळ, सांबर, भेकर, चौशिंगा, रोही व रानडुक्कर येथे आढळतात. वाघ, बिबट्या व रानकुत्रा यांचे ते मुख्य भक्ष्य आहे. त्यामुळे जखमी होऊन वाया गेलेल्या प्रत्येक हरणाचा परिणाम या भक्षकांवरही होतो. अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिसरातील शस्त्रपरवानाधारकांनी मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंदणी करणे अधिनियमाच्या कलम ३४ नुसार आवश्यक आहे.

जंगलालगतच्या शिवारांत सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा आणि गहू या पिकांचे रोही व रानडुकरांकडून नुकसान होते. रोह्यांचा कळप पिकाचे शेंडे खातो व तुडवून नासाडी करतो. रानडुकरे जमीन उकरून पीक मुळासकट उपटतात. रात्रभर मचाणावर जागली करणे हा शेतकऱ्यांच्या जीवनाचा भागच झाला आहे. कलम ११ नुसार उभ्या पिकास धोकादायक ठरलेल्या प्राण्यास मारण्याची लेखी परवानगी देता येते. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१५ मध्ये रोही व रानडुक्कर यांच्याबाबत अशा परवानगीची कार्यपद्धती ठरवून दिली. चितळ, सांबर वा काळवीट यांना ती लागू नाही. परवानगीने मारलेला प्राणीही शासनाचीच मालमत्ता असतो.

परवानगी मिळाली तरी साधनाची अडचण उरते. ज्या दोन प्राण्यांना मारण्याची मुभा आहे, ते दोन्ही जाड कातडीचे व मजबूत बांध्याचे आहेत. .२२ ची रायफल त्यांच्यासाठी अपुरी आहे. ठासणीच्या बंदुकीचा पल्ला व अचूकता मर्यादित असते. बारा बोअरच्या बंदुकीतील मोठे छर्रे तीस-चाळीस मीटरपलीकडे विखुरतात. .३१५ वा .३०-०६ बोअरची रायफल पुरेशी शक्तिशाली असली, तरी ती थोड्याच परवानाधारकांकडे असते. सपाट शिवारात गोळी दूरवर जाण्याचा धोकाही असतो. .२२ ची गोळीदेखील दीड मैलापर्यंत जाऊ शकते. शेजारच्या शेतात मजूर वा जागल्ये असताना गोळी झाडणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

या अडचणींमुळे काही ठिकाणी कुंपणात बेकायदा वीजप्रवाह सोडला जातो. ब्रह्मपुरी भागातून पकडून बोरमध्ये सोडलेली एक वाघीण ऑक्टोबर २०१७ मध्ये कारंजा (घाडगे) तालुक्यात अशाच तारेच्या स्पर्शाने मरण पावली. माणसेही या तारांना बळी पडतात. अल्प क्षमतेचे, क्षणिक झटके देणारे सौर कुंपण हा त्यास कायदेशीर पर्याय असून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत त्यासाठी अनुदान दिले जाते.

## नैतिक बाजू

पीक खाणाऱ्या प्राण्यांना मारावे की नाही, हा प्रश्न वर्ध्यात वैचारिक पातळीवरही चर्चिला गेला आहे. १९३६ पासून सेवाग्राम येथे राहणाऱ्या महात्मा गांधींनी १९४६ मध्ये ‘हरिजन’ साप्ताहिकात या विषयावर लिहिले. देशात अन्नटंचाई असताना अहिंसेच्या नावाखाली प्राण्यांना पीक खाऊ देणे त्यांना मान्य नव्हते. मारणे अपरिहार्य असेल तर ते कमीत कमी यातना देऊन व्हावे, हे तत्त्व आधुनिक वन्यजीव व्यवस्थापनातही स्वीकारले जाते. शस्त्राच्या क्षमतेचा प्रश्न या तत्त्वाशी थेट जोडलेला आहे.

## सारांश

.२२ रिमफायर रायफल कोणत्याही हरणासाठी योग्य मानली जात नाही. वेगवान सेंटरफायर काडतुसांच्या लहान बोअरच्या रायफली फार तर लहान आकाराच्या हरणांसाठी पुरेशा ठरतात, परंतु अशी सर्व हरणे भारतात संरक्षित आहेत. वर्धा जिल्ह्यात कायद्याने मारता येणारे रोही व रानडुक्कर लहान बोअरच्या आवाक्याबाहेरचे आहेत. त्यामुळे अशा रायफलीचा येथील विहित उपयोग लक्ष्यवेधाच्या सरावापुरताच राहतो.