तळटीप : 'एकशे सत्त्याहत्तर की बावीस?'

१२. यजमान शेतकऱ्याचा हा प्रश्न एअर रायफलच्या छऱ्याविषयी आहे. आकडे इंचाच्या दशांशातले : .177 म्हणजे सुमारे 4.5 मिमी, .22 म्हणजे 5.5 मिमी. इंग्लंड-वेल्समध्ये परवान्याविना वापरता येणाऱ्या एअर रायफलची ताकद 12 फूट-पाउंडांच्या (सुमारे 16 ज्यूल) आत असावी लागते. व्यासावर तशी मर्यादा नाही. त्यामुळे निवड ठरते ती तेवढीच ताकद कशी खर्चायची यावर. साधारण 0.55 ग्रॅमचा बारीक छर्रा नळीतून सेकंदाला 240 मीटरच्या आसपास वेगाने सुटतो, एक ग्रॅमचा जाड छर्रा 180च्या. बारीक छऱ्याचा मार्ग अधिक सरळ. अंतराचा अंदाज चार-पाच मीटरांनी चुकला तरी नेम फारसा ढळत नाही. जाड छर्रा लवकर खाली झुकतो, पण रुंद जखम करतो आणि बहुधा आरपार न जाता सगळा जोर सावजातच सोडतो. म्हणूनच तिकडचे जुने शिकारी पाखरांना बारीक, सशांना जाड असे सांगत. खरे पाहता सशाच्या डोक्यावर अचूक बसलेला कोणताही छर्रा पुरतो. चुकलेला जाड छर्रा जनावराला नुसते तडफडवतो. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. आपल्याकडे 4.5 मिमीचा छर्रा परिचित आहे तो नेमबाजीमुळे : अभिनव बिंद्रा यांचे 2008चे ऑलिंपिक सुवर्ण याच व्यासाच्या रायफलीचे. – संपा.