भूत वाड्यात नव्हतंच, ओसरीवर बसलं होतं

मंडळी, झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली ती २२ फेब्रुवारी २०१६ ला. काही भाग होतात न होतात तोच आरडाओरडा सुरू. सिंधुदुर्गातून आवाज आला, कोकणाची बदनामी थांबवा. दुसरीकडून आक्षेप, अंधश्रद्धा पसरतेय.

या आक्षेपाला कारण होतं. अडीच वर्षांपूर्वी, २० ऑगस्ट २०१३ ला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद वाचा. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. म्हणजे पडद्यावर जी करमणूक, ती गावात कुणाच्या तरी पाठीवरचे वळ असते.

मग मालिका वाईटच का? तसं सरसकट म्हणता येत नाही. मराठीत भूत आणि विनोद जुने सोबती. १९८२ ला 'एक डाव भुताचा' आला, १९९३ ला 'झपाटलेला'मधला तात्या विंचू आला. लोक घाबरले कमी, हसले जास्त. या मालिकेतही पांडूचं 'इसारलंय' इतकं गाजलं की आपल्या देशावरची पोरंही मालवणी बोलायला लागली.

खरा टोला बसला तो जानेवारी २०१९ ला सुरू झालेल्या दुसऱ्या पर्वात. कथा मागं गेली. अण्णा नाईक (माधव अभ्यंकर) अजून जिवंत. जमिनी लाटतो, जीव घेतो, घरात माईला छळतो, आणि गाव गप्प. भूत होण्याआधी हा माणूसच जास्त भयानक होता, हे मालिका सांगत होती. आपण काय केलं? अण्णा-शेवंताचे मीम फिरवले. अण्णा हिरो झाला. आणि माई? पांडूसारखंच, इसारलंय!

पुढं २०२२ ला 'झोंबिवली' सिनेमाने तर डोंबिवलीतच झोंबी आणले आणि पाण्याचा धंदा करणाऱ्यांना चिमटा काढला. भुताच्या गोष्टीतून सत्तेवाल्यांना हसता येतं, ते असं.

आपल्या केमचं कुंकू पंढरपुरापर्यंत जातं. तेच कुंकू तिठ्यावर टाकलेल्या लिंबावरही दिसतं. ते लिंबू ओलांडताना आपण दचकतो, पण ओसरीवर बसलेल्या जित्याजागत्या अण्णाला मात्र वाकून रामराम घालतो. भीती चुकीच्या जागी ठेवलीय आपण.

तेव्हा दोनच गोष्टी. गावात कुणाला 'लागीर झालंय' म्हणून मारहाण होत असेल तर पोलिसांना कळवा आणि त्या माणसाला डॉक्टरकडे न्या. आणि पुढची भुताची मालिका बघताना स्वतःला एवढंच विचारा, आपण हसतोय कुणाला? अण्णाला, का माईला?